बिनगाठीची वाकळ

“आधी गाठ मार, मग काय विचारायचं ते विचार,” म्हणत द्वारकाकाकींनी सुई माझ्या हातात कोंबली.

मी गाठ मारली. ती वाकडी आली. माझी गाठ वाकडी येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. हौसाक्कांनी फक्त ती गाठ अंगठ्यानं दाबून बघितली आणि सुस्कारा सोडला. मी कराडची. शिवणाच्या क्लासात पहिली आलेली आणि रुखवतात मिरवत शिलाई मशीन घेऊन आलेली. पण तळेवाडीत नांदायला येऊन वर्ष होत आलं तरी साधी वाकळेची, म्हणजे गोधडीची, गाठ काही मला सरळ मारता येत नव्हती. मशीन बिचारं आतल्या खोलीत पडून होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याच्यावर जुनं धोतर टाकून वर पापडाचे डबे रचले होते. मशीनबद्दल त्यांचं मत मला त्यावरून कळलं होतं.

इतर गावांत वाकळेला या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दोरा घालतात. तळेवाडीची रीत वेगळी. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर एक बरंसं लुगडं पसरायचं आणि चार-चार बोटांवर एकेक टाका घालून त्याची गाठ मारायची. एका वाकळेला पाच-सहा बायका कितीतरी दुपारी बसायच्या. घाई कुणालाच नसायची, कारण या दुपारी म्हणजे बायकांची हक्काची बैठक. आणि तिथला नियम एकच. वाकळेवर बोललेलं गाठीत राहतं. ते बाहेर काढलं, तर ती वाकळ जी पांघरेल तिचा संसार उसवतो.

त्यामुळं वाकळेवर वाट्टेल ते बोललं जायचं. कुणाची म्हैस मुद्दाम कुणाच्या उसात सोडली जाते, ग्रामसेवकाच्या बायकोचे पुढचे दात खरे की बसवलेले, सगळं. उंबऱ्याबाहेर मात्र तोंडाला कुलूप. एकदा मी आडावर त्या दातांचा विषय काढला, तर आदल्या दिवशी हसून हसून लोळलेल्या तिघीजणी माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मलाच वाटलं हे मी स्वप्नात ऐकलं असावं.

तर त्या दुपारी मागच्या पडवीत जी वाकळ पसरली होती, ती माझ्या नणंदेची होती, शालनची. तिची सुपारी फुटून आठवडा झाला होता. जिची वाकळ तिनं ती शिवताना बघायची नसते, म्हणून शालनला भुईमुगाच्या शेंगा फोडायला शेजारी पाठवलं होतं.

गाठ मारून झाल्यावर मी विचारलं, “हौसाक्का, तुमचं माहेर निंबगावचं ना? म्हणजे आमच्या शालनचं सासरच. मग नवरामुलगा तुमच्या बघण्यातला असेल की.”

हौसाक्का काही बोलल्या नाहीत. ही गोष्टच नवलाची होती. त्या झोपेतसुद्धा बोलतात असं त्यांचे मालक म्हणायचे.

“अगं बोल की,” द्वारकाकाकी म्हणाल्या. “लेकीसारखी हाय शालन.”

“म्हणून तर गप बसलीया,” हौसाक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “बघायला आला हुता, त्यो कसा हुता गं दिसायला?”

“चांगला होता. उंच, गोरा. हसला की गालाला खळी पडत होती.”

“त्यो न्हवं.”

“काय त्यो नव्हे?”

“त्यो नवराच न्हवं. त्यो धाकटा. त्याचं लगीन हुऊन वर्सं झाली, घरात पाळणा हालतोय. नवरा हाय त्यो थोरला. बिजवर. त्याला दोन पोरं हायती, टकुऱ्यावर केस न्हाईती, आन् त्याला दाखवला की मानसं पाणी पिऊन माघारी जात्यात. म्हणून दाखवायला धाकट्याला धाडत्यात. आमच्या भावजयीनं मला शपथ घालून सांगितलंय. हार घालायला थोरलाच हुबा ऱ्हाणार.”

“आणि कळणार नाही का कुणाला?”

“कळंल की. अंतरपाट काढल्यावर.”

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या शालनची आई. त्यांनी हातातला टाका ओढला, गाठ मारली, दोऱ्याची दोन टोकं दातांनी सारखी केली आणि सुई पुढच्या जागेवर टोचली. चेहऱ्यावर काही नाही. भाजी निवडताना असायचा तसाच चेहरा.

“अहो, मग मामंजींना सांगा की आत्ताच्या आत्ता!” म्हणत मी उठलेच.

चार हातांनी मला खाली ओढलं. “येडी का खुळी?” द्वारकाकाकी म्हणाल्या. “गाठ मारलीया त्यावर. शालनची वाकळ हाय ही. बाहीर काढलंस तर तिचाच संसार उसवंल.”

“कुठला संसार? त्या टकल्याबरोबरचा? उसवू दे की!”

पण काकींनी माझा पदर सोडला नाही. नियम तो नियम. हौसाक्कांना तर दुहेरी भीती. भावजयीनं घातलेली शपथ मोडली तर माहेरचं दार बंद होणार होतं. आणि खरं सांगायचं तर नियम नसता, तरी मामंजींना सांगून काय होणार होतं हा प्रश्नच होता. माझे सासरे, म्हणजे गावाचे आण्णा, माणूस म्हणून वाईट नव्हते. पण बाईमाणसानं काही सांगितलं की ते माशी हाकलल्यासारखा हात करायचे आणि म्हणायचे, “बायकांच्या गप्पा.” आदल्या वर्षी गोठ्यातली म्हैस सुटली, तेव्हा आत्याबाईंनी धावत जाऊन सांगितलं. मामंजींनी हात केला. म्हैस दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या ज्वारीत सापडली. ती सापडल्याचं एका गड्यानं येऊन सांगितलं, तेव्हा मामंजी म्हणाले, “अरे, मग आधी कुणी सांगायचं न्हाई का?”

माझे मालक एस.टी.त कंडक्टर. ते शनिवारी घरी यायचे आणि वडिलांसमोर उभं राहायची वेळ आली की त्यांना हमखास जनावरांना पाणी दाखवायचं आठवायचं. म्हणजे तिकडूनही आशा नव्हती.

संध्याकाळी शालन शेंगा फोडून आली. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, “वैनी, खळी बघितलीस का गं त्यांची?” मला रडूच आलं. कांदा चिरत होते, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत गेले आणि बघते तर काय, आत्याबाई वाकळ पुढ्यात घेऊन बसलेल्या आणि हातात ब्लेडचं पातं. आदल्या दिवशीच्या सगळ्या गाठी एकेक करून कापून काढत होत्या. बाजूला दोऱ्यांचा ढीग.

“आत्याबाई, हे काय?”

“वाकड्या आल्यात गाठी.”

“माझ्याच तेवढ्या वाकड्या होत्या. बाकीच्या…”

“समद्याच वाकड्या आल्यात,” त्या म्हणाल्या. “त्ये तुझं मशीन भाईर काढ. डबं खाली उतरून ठेव, पापड मोडू नगंस. मशीनवर घालू टाकं. हातानं कुटवर करत बसायचं? तारीख जवळ आलीया. उरकून टाकू.”

उरकून टाकू! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काल पोटच्या पोरीबद्दल असलं ऐकलं आणि आज हिला घाई सुटलीय, वाकळ लवकर व्हावी म्हणून. ज्या मशीनकडं वर्षभर ढुंकून बघितलं नाही, तेच आज बरं आठवलं. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणाले, ते इथं लिहीत नाही.

मशीन माजघरात आणवलं तेही ओसरीच्या खिडकीला अगदी चिकटून. मी म्हटलं, पडवीत ठेवू, नेहमी तिथंच बसतो आपण. ओसरीवर तर दुपारी पुरुषमाणसं असतात, मामंजी पान जुळवत बसतात. “पडवीतली भुई उंचसखल हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “मशीन डुगडुगंल.” मशीनबद्दल त्यांना एवढं ज्ञान कधी आलं, कोण जाणे.

मग मी ठरवलं, ही वाकळ होऊच द्यायची नाही. वाकळेशिवाय पोरगी सासरी पाठवत नाहीत. वाकळ लांबली की तारीख लांबेल, तोवर काहीतरी सुचेल. मी बॉबिन काढली आणि हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. मग मोठ्यानं म्हणाले, “अगं बाई, बॉबिन कुठं गेली?”

“त्ये काय असतं?” आत्याबाईंनी विचारलं.

“खालच्या दोऱ्याची चकती. त्याशिवाय मशीनचा टाका बसत नाही. कराडलाच मिळेल बहुतेक.”

“हां,” एवढंच त्या म्हणाल्या. ती दुपार फुकट गेली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले, तर माझ्या ताटात भाकरीच्या शेजारी, मीठ वाढतात त्या जागेवर, बॉबिन. पुसून स्वच्छ केलेली. मी वर बघितलं. आत्याबाई आमटी ढवळत होत्या.

“डाळ निवडायला घेतली हुती,” त्या म्हणाल्या. “जेव. मग मशीनवर बस.”

मी मुकाट्यानं जेवले. पण अजून हार मानली नव्हती. मशीनला पायानं फिरवायचा पट्टा असतो, त्याची जोडतार मी वाकवून काढली आणि केसांत खोवली. आत्याबाईंनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझ्या अंबाड्यातली ती तार अशी उपसली, की जणू एखादी ऊ काढतायत.

“मालन,” त्या म्हणाल्या, “मी सांगते तसं ऐक. मी म्हणीन तवा चालव, आन् थांबवायचं माझ्यावर सोड.”

आवाज चढलेला नव्हता. पण त्यात असं काहीतरी होतं की मी तार लावली आणि बसले.

बायका जमल्या, पण तोंडं फुगवून. आमच्या वाकळेवर मशीन म्हणजे काय, असा सगळ्यांचा भाव. द्वारकाकाकी तर माझ्याकडं पाठ करूनच बसल्या. वाकळेची गुंडाळी एका बाजूनं हौसाक्कांनी धरायची, दुसऱ्या बाजूनं काकींनी, मी मधला भाग सुईखाली घ्यायचा. एका जागी पाच-सहा टाके मागं-पुढं घालायचे, सुई वर, वाकळ पुढं सरकवायची, पुन्हा टाके. आमचं मशीन जुनं. चालायला लागलं की खिडकीचे गज थरथरायचे आणि थांबलं की ओसरीवरचा अडकित्त्याचा आवाजसुद्धा आत ऐकू यायचा.

त्यामुळं बैठकीची पार वाट लागली. एखादीनं बोलायला सुरुवात करावी, तर खडखडाटात कुणालाच ऐकू येऊ नये. मोठ्यानं बोलावं, तर तेवढ्यात मशीन थांबावं आणि अर्धं वाक्य ओसरीवर जावं. पहिल्याच दहा टाक्यांत गावातल्या सोनाबाईंच्या जावेचं एक प्रकरण असं अर्ध्यावर उघडं पडलं. बाहेरून कुणीतरी खाकरलं. सगळ्याजणी लाल.

शेवटी द्वारकाकाकींनी शोध लावला. “हे बघा, चालू असलं की बोलायचं. थांबलं की गप. खडखडीत बाहीर काय बी जात न्हाई.”

हे जमलं. दोन-चार खेपांतच सगळ्या तयार झाल्या. मशीन सुरू झालं की पाचही तोंडं एकदम सुरू, थांबलं की एकदम मूग गिळून बसायचं. मला हसू आवरेना. थोड्या वेळानं द्वारकाकाकी माझ्याकडं तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, “वंगाळ न्हाई गं तुझं मशीन.”

आत्याबाई मात्र बसत नव्हत्या. सारखं उठून खिडकीशी जायच्या. “तात्या आलं का?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं. हे निवृत्तीतात्या म्हणजे सोयरिकीतले मध्यस्थ. निंबगावचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. लग्नाची तारीख पक्की करायला ते त्या दुपारी यायचे होते. ते आले, तेव्हा आत्याबाईंनी स्वतः चहा नेऊन दिला. थोड्या वेळानं पुन्हा नेऊन दिला. व्याह्यांच्या माणसाची काय ही सरबराई, मी मनात म्हटलं. माझा नुसता संताप होत होता.

मग त्या येऊन मशीनच्या चाकापाशी, जमिनीवर बसल्या.

“चालव,” म्हणाल्या.

मी चालवलं. खडखडाट सुरू झाला.

“हौसा,” आत्याबाई ओरडून म्हणाल्या, “परवा काय म्हणत हुतीस गं? निंबगावचं?”

हौसाक्का दचकल्या. “आता कशाला वैनी?”

“मला नीट ऐकू न्हाई आलं. कान गच्च झाल्यात.”

“अवं, त्यो नवरा न्हवं म्हणलं!”

“काय?”

एका जागी घालायचे तेवढे टाके कधीच घालून झाले होते. मी पाय सैल करायला लागले, तशी आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर बोट टोचलं. चालव. मी त्याच जागी मागं-पुढं, मागं-पुढं करत राहिले. तिथं दोऱ्याचा गोळा व्हायला लागला.

“नवरा न्हवं! बघायला आलेला!” हौसाक्का ओरडल्या.

“मोठ्यानं बोल की जरा! काय ऐकू येत न्हाई!”

हौसाक्कांचा गळा मुळात भारदस्त. दोन शेतांपलीकडच्या गड्याला त्या न्याहारीला बोलवायच्या. त्यात मशीनचा आडोसा आहे म्हणून त्या बिनघोर. त्यांनी पदर सावरला, छाती भरून घेतली आणि पंचमात सुरू केलं, “अवं, निंबगावकरांनी आण्णाला गंडवलाय! खळी पडत हुती त्यो…”

आत्याबाईंचा हात चाकावर गेला. चाक जागच्या जागी थांबलं. माझा पाय हिसका बसून अडकला आणि मशीन गप झालं.

“…धाकटाऽ! त्याच्या घरात पाळणा हालतोय! लगीन लावायला टकल्या बिजवर हुबा करणार हायती, आन् त्यो मेला निवृत्ती समदं ठावं असून कमिशन खातोय!”

हौसाक्कांचं तोंड उघडं ते उघडंच. बाहेर अडकित्ता थांबला.

“धागा तुटला वाटतं,” आत्याबाई म्हणाल्या आणि चाकावरचा हात काढून पदराला पुसला.

धागा तुटला नव्हता. मी बघत होते. पण हौसाक्का आजतागायत त्या रिळाला शिव्या घालतात.

ओसरीवरून तात्यांचा आवाज आला, “आण्णा, तुमी बी काय, बायकांच्या गप्पा…” हे त्यांनी मामंजींचंच वाक्य मामंजींना ऐकवलं. पण मामंजी उठले होते. काठीचा आवाज दारापर्यंत आला. माजघरात बायका असताना ते कधी आत येत नसत. त्या दिवशी आले.

“हौसा,” ते म्हणाले, “पुन्हा बोल.”

हौसाक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. “मी कुटं काय बोलले आण्णा?”

“अर्ध्या गावानं ऐकलं. पुन्हा बोल.”

द्वारकाकाकी चाचरत म्हणाल्या, “आण्णा, वाकळेवरचं बोलणं असं बाहीर काढत न्हाईत. पोरीच्या संसाराला…”

“कसली वाकळ?” आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही सगळ्या त्यांच्याकडं बघायला लागलो. त्यांनी सुईखालची वाकळ ओढून मोकळी केली आणि सगळ्यांच्या पुढ्यात पसरली.

“बघा. दावा एक तरी गाठ. पहिल्या हुत्या त्या समद्या मी कापून काढल्या. आन् ह्यो मशीनचा टाका हाय. मशीनला गाठ नसती. हितं बोललेलं कशात बी ऱ्हात न्हाई.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “शपथ मोडल्याचं पाप माझ्यावर. तुझ्या म्हायेरी मी येते तुझ्याबरुबर. बोल हौसा. माझ्या पोरीसाठनं बोल.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कापलेल्या गाठी, मशीन, खिडकी, दोनदा चहा. मला एवढी लाज वाटली, की वाकळेखाली शिरावंसं वाटलं. हरभऱ्याच्या डाळीत बॉबिन लपवणारी मी हुशार!

हौसाक्कांना मग दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एकदा झाकण उडाल्यावर थोरल्याच्या डोक्यापासून पायापर्यंत सगळं सांगून झालं, आणि ज्या दोन ठिकाणी हाच धाकटा याआधी दाखवून आणला होता, त्या गावांची नावंसुद्धा. मामंजी उभ्यानं ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांचा हात माशी हाकलायला उठला नाही. सगळं ऐकून ते ओसरीवर गेले, तर निवृत्तीतात्या नव्हते. चहाचा कप होता, पानाचं तबक होतं, आणि तात्यांच्या चपला होत्या. घाईत मामंजींच्या घालून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी त्याच चपला घालून निंबगावला गेले. तात्यांचा पाय लहान, त्यामुळं ते लंगडत गेले. दिवस मावळता आले, तेव्हाही लंगडतच होते. सुपारी परत केली, एवढंच त्यांनी सांगितलं. पण माझ्या मालकांना नंतर कळलं ते असं, की त्यांनी निंबगावच्या चावडीत उभं राहून धाकट्याला बोलावणं धाडलं, आणि तो आला तेव्हा त्याच्या कडेवर पोर होतं.

शालन खूप रडली. मला वाटलं होतं, सुटले म्हणून हसेल. पण तिचं मन त्या खळीत गुंतलं होतं आणि ते काढायला वेळ लागणारच. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, “वैनी, तो हसला होता गं माझ्याकडं बघून.” मी म्हटलं, “मेल्याला बायको आहे घरात, म्हणून तर एवढं बिनधास्त हसला.” तेव्हा ती रडता रडता हसली. पुढच्या वर्षी ती वडूजला पडली, चांगल्या घरी. नवऱ्याला खळी नाही, पण दाखवला तोच उभा राहिला.

निंबगावहून आल्यावर त्या संध्याकाळी मामंजी जेवायला बसले. मी वाढत होते, आत्याबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. मग मामंजी ताटाकडं बघतच म्हणाले, “तुला ठावं हुतं?”

“हुतं,” आत्याबाई म्हणाल्या.

“मग मला सांगायचं न्हाईस?”

आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “सांगितलं आसतं, तर तुमी काय म्हणला आसता?”

मामंजींचा घास हातात राहिला. त्यांनी लगेच काही तरी बोलून वेळ मारून नेली नाही, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून सांगते. ते विचार करत बसले. खरोखरच आठवून बघत होते, काय म्हणालो असतो ते. मग हळू आवाजात म्हणाले, “बायकांच्या गप्पा म्हणलो आसतो.”

“मग?” आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भाकरी टाकली.

त्यांनी ती खाल्ली. पाणी प्यायले. हात धुऊन पंच्याला पुसत दारापर्यंत गेले आणि तिथं माझ्याकडं न बघता उभे राहिले.

“सूनबाई, त्ये मशीन आत नेऊ नगंस. खिडकीपाशी हाय तितंच असू दे. मी दुपारचा ओसरीवरच असतो.”

ते गेले. आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हाताचं पीठ झटकलं आणि माझ्याजवळ सरकून बसल्या.

“मालन,” त्या म्हणाल्या, “उद्या बाजार हाय. जाडी चार रिळं घिऊन ये दोऱ्याची. मला लई बोलायचं ऱ्हायलंय.”